बाबासाहेबांच्या घोषणेतला मधला शब्द

ज्यांचं नेट कोपर-दिव्याच्या मध्ये कुठेतरी गायब होतं, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी उतारा. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' कापलेत, मागे वाजणारा कुकरही कापलाय. बाकी तसंच आहे.

आज फक्त तीन शब्दांबद्दल बोलायचंय. धामणकर नाक्यावरून अंजूरफाट्याकडे निघालात तर रिक्षांच्या मागच्या काचेवर, क्लासच्या बोर्डवर, पोरांच्या टी-शर्टवर ते दिसतातच. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. 14 एप्रिलला तर विचारूच नका, निम्म्या भिवंडीच्या स्टेटसला हेच असतं. पाठ कुणाला नाहीत? प्रश्न असा आहे की या तीन शब्दांचा क्रम हाच का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे क्रम बदलला की मला खटकतं. दोन ओळी खालीवर झाल्या की प्रोग्रॅम चालतो, पण वेगळं काहीतरी करतो. आणि इथे क्रम बदललेला आहे. इंग्रजीत बाबासाहेबांची ही घोषणा 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज' अशी येते. म्हणजे मराठीत जे शेवटी आहे, ते इंग्रजीत मध्ये आहे. मधला 'ॲजिटेट' उचलून आपण शेवटी नेला आणि त्याला 'संघर्ष' म्हणालो. माझं म्हणणं, हा बदल छोटा नाही.

आधी घोषणा कुठून आली ते बघू.

बाबासाहेब 1923 मध्ये लंडनहून परतले. कोलंबियाचं शिक्षण आधीच झालेलं, आता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएससी आणि बॅरिस्टरी. 9 मार्च 1924 ला परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी सभा बोलावली आणि 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. या सभेचं ब्रीद म्हणून हे तीन शब्द सांगितले जातात. सभेचं पहिलं ठोस काम काय? 1925 च्या सुरुवातीला सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह. घोषणेत दम होता, पण सुरुवात झाली ती पोरांच्या राहण्या-जेवण्याच्या सोयीपासून. मला हे फार आवडतं.

शब्द मात्र त्याहून जुने. 1880 च्या दशकात इंग्लंडमधले समाजवादी हीच त्रयी वापरत होते. हिंडमन यांची सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन, तिच्यात असलेले कवी आणि चित्रकार विल्यम मॉरिस, या मंडळींच्या पत्रकांत हे शब्द सापडतात. आणि गंमत म्हणजे तिथेही क्रम पक्का नव्हता, कधी 'एज्युकेट' आधी, कधी 'ॲजिटेट' आधी. बाबासाहेब ज्या लंडन स्कूलमध्ये शिकले, ती संस्था 1895 मध्ये वेब दांपत्य, ग्रॅहम वॉलस आणि बर्नार्ड शॉ या फेबियन समाजवाद्यांनी काढलेली. हे शब्द तिथल्या हवेतच होते. इथे काही जणांना वाटेल, म्हणजे उचललेले शब्द? हो, उचलले असतील. ओपन सोर्स म्हणजे तरी दुसरं काय? लंडनच्या कारखान्यातल्या मजुरासाठी लिहिलेला कोड बाबासाहेबांनी अशा माणसासाठी चालवला, ज्याला कारखान्यातसुद्धा सगळी खाती खुली नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओढावा लागे आणि त्यांची थुंकी लागलेला धागा बाकीच्यांना चालत नसे. जास्त पगार त्याच खात्यात होता. कापडाच्या शहरात राहणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

या घोषणेचा सगळ्यात गाजलेला प्रसंग 1942 चा. 18 ते 20 जुलै, नागपूर, अखिल भारतीय दलित वर्ग परिषद. इथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला. त्याच वेळी महिलांची वेगळी परिषद भरली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आणि त्याच महिन्यात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्यासाठी बाबासाहेबांची नेमणूक जाहीर झाली होती. आता विचार करा. माणूस दिल्लीला सत्तेच्या खुर्चीत बसायला निघालाय आणि जाता जाता लोकांना शेवटचा सल्ला काय देतोय? शिका, अस्वस्थ व्हा, एकत्र या, आणि स्वतःवर विश्वास ठेवा. पुढे ते म्हणाले त्याचा आशय असा: न्याय आपल्या बाजूने आहे, लढाई पैशासाठी किंवा सत्तेसाठी नाही, माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे. 'मी आता आत पोचलोय, तुम्ही निवांत राहा' असं ते म्हणाले नाहीत.

मी वर 'ॲजिटेट'साठी 'अस्वस्थ व्हा' लिहिलं, ते मुद्दाम. या शब्दाचा मूळ अर्थ हलवणं, ढवळणं. वॉशिंग मशीनमध्ये मधोमध जो दांडा फिरतो, त्याला ॲजिटेटर म्हणतात. भिवंडीकरांना आणखी जवळचं उदाहरण देतो. सायझिंगमध्ये उभ्या धाग्याला खळ लावतात, म्हणजे तो मागावर तुटत नाही. ती खळ शिजताना सतत ढवळत ठेवावी लागते. थांबलात की गुठळ्या, आणि गुठळीवाली खळ धाग्याला लागत नाही. धागा कच्चा राहिला की मागावर दर पाच मिनिटांनी तुटणार. आता घोषणा परत वाचा. आधी शिका. शिकलेलं डोक्यात ढवळू द्या, हे असं का आणि कुणी ठरवलं ते विचारा. मग एकत्र या. या क्रमात मधला शब्द रस्त्यावर उतरण्याच्या फार आधीचा आहे, तो डोक्यात घडतो. आणि तो वगळून शिकलेली माणसं एकत्र आली तर काय होतं? हाउसिंग सोसायटीची मीटिंग.

बाबासाहेबांनी ही ढवळाढवळ कशी केली ते 'मूकनायक'मध्ये दिसतं. 31 जानेवारी 1920 चा पहिला अंक. त्यात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली: एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्मलात तिथेच मरायचं. एवढं एक चित्र. शंभर वर्षं झाली, आजही भाषणात हे चित्र आलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. ते काही ठोस करायला सांगत नाही, फक्त तुमची झोप मोडतं.

महाडचं उदाहरण घेतलं तर क्रमाचा प्रश्न आणखी रंगतो. शाळेत आपण एवढंच शिकलो की 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याआधी काय होतं? 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. मग महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे फीचर तयार, रिलीज झालेलं, फक्त वापरायची कुणाची छाती नव्हती. परिषद भरवणाऱ्यांत आर. बी. मोरे होते, अनंतराव चित्रे होते, नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस होते. आणि त्या परिषदेत बाबासाहेब लोकांना काय सांगत होते? मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शेती करा, मुलांना शाळेत घाला. म्हणजे आधी ठराव वाचला, मग माणसं जमली, मग पाणी प्यायले, मग मार खाल्ला, मग डिसेंबरमध्ये पुन्हा जमले तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला, आणि 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला पुढे चालत राहिला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आला 17 मार्च 1937 ला. घोटभर पाण्यासाठी 10 वर्षं. यात शिकणं कुठे संपलं आणि संघर्ष कुठे सुरू झाला, सांगा बघू. सरळ ओळ नाहीच ही, लूप आहे.

मग मराठी क्रम चुकीचा का? नाही, मी तसं म्हणत नाही. मराठीत तो जिभेवर बसतो. शि, सं, सं. शेवटी 'संघर्ष' आला की मूठ आपोआप वर जाते. घोषणा ही शेवटी ओरडायची गोष्ट आहे. पण एक नुकसान झालं. आपण तिला शिडी समजायला लागलो. आधी पूर्ण शिकू, मग नोकरी, मग सेटल झालो की संघटना बघू, आणि संघर्ष रिटायरमेंटनंतर. आमच्या बॅचच्या बीटेकवाल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या पायरीवर फ्लॅट घेऊन बसलेत. मीही त्याच पायरीवर, ईएमआयसकट.

माझ्या आजीला हा क्रम अजिबात मान्य नव्हता. ती शहापूरकडची, लग्नानंतर भिवंडीत आली आणि मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायची. अक्षर ओळख झाली ती तिशीत, संध्याकाळच्या वर्गात. मी कॉलेजात असताना एकदा तिला मोठ्या रुबाबात सांगितलं, "आजी, बाबासाहेबांनी आधी शिका म्हटलंय." ती म्हणाली, "अरे, आधी आम्ही सहा जणी एक झालो, मग शिकलो. एकटीला कोण वर्गात सोडणार होतं? सासू सोडणार होती?" सहा बायका एकदम निघाल्या तर कुणाच्या घरचे कुणाला अडवणार? एकीचा नवरा बोलला तर बाकी पाच जणी दारात. तिच्या आयुष्यात संघटित व्हा पहिलं, संघर्ष दुसरा, आणि शिका सगळ्यात शेवटी आलं. सही करायला शिकली त्या दिवशी ती घरी येऊन रडली, असं वडील सांगतात. ती स्वतः म्हणायची, खडूची धूळ गेली होती डोळ्यात.

ती शिकली त्याच्या आधीपासून हे शब्द तिला पाठ होते, हेही महत्त्वाचं. वाचता येत नसलेल्या माणसांपर्यंत ते पोचले कसे? 1930 च्या दशकापासून आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. भीमराव कर्डकांसारखे शाहीर ढोलकीवर जे सांगत, ते 'जनता' पत्र न वाचणाऱ्या माणसालाही कळायचं. नंतर वामनदादा कर्डक. मग कॅसेटचा जमाना, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. मग मोबाईलचं मेमरी कार्ड, शंभर गाणी वीस रुपयांत भरून देणारा नाक्यावरचा दुकानदार. आणि आता रील. या सगळ्या प्रवासात सरकारचा हात फारसा नाही. लोकांनीच हे शब्द एकमेकांना दिले.

सरकारचं काय चाललं होतं? 1979 पासून राज्य शासनाने बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडरूपात काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यासाठी जे केलं त्याला तोड नाही. पण नंतर? डिसेंबर 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाने वर्तमानपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. 9 लाख प्रती छापायच्या ठरल्या होत्या, 5 कोटी 45 लाखांचा कागद घेतला होता, आणि चार वर्षांत छापून झाल्या होत्या साधारण 33 हजार. बाकी कागद गोदामात पडून. गोदामात पडून राहिलेल्या मालाबद्दल भिवंडीवाल्यांना काय सांगायचं!

पुस्तक मिळत नाही तिथे फॉरवर्ड येतो. बाबासाहेबांच्या नावाने फिरणारी निम्मी वाक्यं अशी असतात की खाली तारीख नाही, गाव नाही, सभा नाही. एक नमुना: 'बाबासाहेबांनी कामाचे तास 14 वरून 8 केले'. कागदावर जे आहे ते असं. 1934 च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला 54 तासांची मर्यादा होती. बाबासाहेब मजूर खातं सांभाळत असताना, 1946 च्या दुरुस्तीने ती 48 वर आली. 54 चे 48. ऐकायला 14 चे 8 भारी वाटतं हे खरं. पण आठवड्याचे सहा तास म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर तास, तेही देशभरातल्या कारखान्यांत, कायद्याने. याला वाढवून सांगायची काय गरज आहे?

शिवाय वाढवून सांगितलं की खरा प्रश्न झाकला जातो. 48 तासांचा कायदा झाला, आणि भिवंडीच्या मागांवर आज किती तास? 12 तासांची पाळी, दिवस किंवा रात्र, मजुरी मीटरवर. एकाच शेडमध्ये कागदावर तीन-चार वेगवेगळे मालक दाखवले की कामगारांची संख्या कमी भरते आणि कारखान्याचा कायदा दाराबाहेरच थांबतो. आत उत्तर प्रदेशचा, बिहारचा, तेलंगणाचा माणूस रात्रभर उभा. 14 एप्रिलची मिरवणूक त्याच शेडवरून जाते आणि डीजेच्या आवाजात मागांचा खडखडाट ऐकू येत नाही.

डीजेचा विषय निघालाच आहे तर एक कटू गोष्ट बोलतो. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेत बजावलं होतं की माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात भक्तीची वाट अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे जाते, असा त्याचा आशय. आपल्या देशात राजकारणात भक्ती जगात कुठे नसेल एवढी चालते, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. आता ज्याने हे सांगितलं त्याचीच भक्ती करायची की त्याचं ऐकायचं? मला मिरवणुकीचा राग नाही. ज्यांना शतकानुशतकं रस्त्याच्या कडेने चालायला लावलं, ते वर्षातून एक दिवस रस्ता भरून नाचले तर नाचू देत. पण 15 एप्रिलला सकाळी तो मधला शब्द डोक्यात वाजत नसेल, तर स्टेटस 24 तासांनी जातं तसंच तेही गेलं.

आता जरा लांब जाऊ, हंगेरीत. शायोकाझा नावाचं गाव. तिथल्या रोमा लोकांची मुलं वेगळ्या शाळांत, वेगळ्या वर्गांत घातली जात, बारावीपर्यंत पोचणारी कमीच. तिबोर देर्दाक आणि यानोश ओर्शोश या दोघांच्या हाती बाबासाहेबांबद्दलचं पुस्तक पडलं, ते भारतात आले, महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्या बघितल्या, आणि 2007 मध्ये तिथे 'जय भीम' नावाने काम उभं केलं. शाळेला नावही आंबेडकरांचंच. हंगेरीत जात नाही, म्हणजे आपल्यासारखी नाही. पण जिना नसलेला मनोरा त्यांना समजावून सांगावा लागला नसणार. परळच्या हॉलमधून निघालेल्या त्या शब्दांचा युरोपातला हा परतीचा प्रवास मला भारी वाटतो. लंडनहून आले, बुडापेस्टच्या पलीकडे परत गेले.

आणि शेवटचं, अगदी जवळचं. माझा एक शाळासोबती माणकोलीकडच्या एका मोठ्या गोदामात स्कॅनिंगला होता, ठेकेदारामार्फत. गोदामाचं नाव घेत नाही. 2023 चा उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, आणि प्यायचं पाणी गेटपाशी, म्हणजे जाऊन-येऊन दहा-बारा मिनिटं. तेवढी मिनिटं टार्गेटमधून कापली जायची. या पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, क्रिकेटचा. त्यात एकाने 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याची पीडीएफ टाकली. पिण्याचं पाणी देणं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, ठेकेदाराने नाही दिलं तर मुख्य मालकाने द्यायचं. रात्रभर त्यावर चर्चा, शिव्या, जोक. दोन दिवसांनी सतरा जणांनी सह्या करून अर्ज दिला. त्यात आमच्या आळीचे होते, शांतीनगरचे होते, पद्मानगरचे दोन तेलुगू भाऊ होते, आणि ग्रुपचा ॲडमिन आगरी.

मी त्याला म्हटलं, बघ, तुमचं इंग्रजी क्रमाने झालं: आधी वाचलं, मग डोकं फिरलं, मग एक झालात. तो म्हणाला, "नाही रे, एक तर आम्ही आधीच होतो, टीमच होती ना." म्हणजे आजीचाच क्रम. पाण्याचे दोन कूलर आत आले. दोन महिन्यांनी अर्जावर पहिली सही असलेल्या पोराचं काम बंद झालं, कारण दिलं नाही. उरलेल्या सोळा जणांनी त्याच्या पुढच्या महिन्याच्या भाड्यासाठी पैसे जमवले. ग्रुपवर आता क्रिकेट कमी आणि पीडीएफ जास्त असतात, असं तो सांगतो.